रिकामं ठेवायचं जाळं

फ्रेडीच्या घरात जाळं भरून आलं की चूल हसायची, आणि रिकामं आलं की माणसं एकमेकांच्या पायांत यायची. हे पिढ्यान् पिढ्यांचं. उत्तनच्या किनाऱ्यावर याहून वेगळं कुणाला ठाऊकच नव्हतं. पण देवानं या घरात एक पोरगा असा घातला, की त्याला जाळं रिकामं ठेवण्याबद्दल पगार मिळायला लागला. फ्रेडीची बायको रीटा हे कुणाला सांगायची तेव्हा ऐकणारा आधी हसायचा, आणि मग विचारायचा, "म्हणजे नक्की काय करतो तुझा पोरगा?"

पोरग्याचं नाव ट्रेव्हर. थोरला. उंच, आणि हात असे लांब की लहानपणी शर्टाची बाही कधी मनगटापर्यंत पोचलीच नाही. अंगानं धडधाकट, वागायला शहाणा, रविवारच्या मिस्सेला वेळेवर. खोट म्हणून एकच होती, त्याला बोट लागायची. कोळ्याच्या पोराला बोट लागणं म्हणजे पाटलाच्या घोड्याला गवताची शिसारी. बोट खडकांच्या बाहेर पडली न पडली तोच ट्रेव्हर कडेवर वाकायचा, तो परत वाळूला पाय लागेपर्यंत सरळ व्हायचा नाही. फ्रेडीनं त्याला आलं चघळायला दिलं, लिंबू हुंगायला दिलं, एकदा तर डोळ्यांना फडकं बांधून नेलं. "डोळं बांधलं, पण तोंड मोकळंच राहिलं ना," परत आल्यावर फ्रेडी म्हणाला, आणि त्यानं नाद सोडला. नाद सोडला, पण पोराला टाकून बोलला नाही. गावात कुणी खवचटपणे विचारलं तर म्हणायचा, "माझा थोरला जमिनीवरचा मासा हाय."

आणि खरंच, जमिनीवर त्या पोराच्या हातून काही सुटायचं नाही. बोंबील वाळवायच्या वलांडींसमोर, बांबूंच्या त्या उंच मांडवांसमोर, पोरं वाळूत फुटबॉल खेळायची. ट्रेव्हर गोलात. चेंडू येवो, नारळ येवो, भांडणात कुणी भिरकावलेली चप्पल येवो, तो हवेतल्या हवेत धरायचा.

काशीगावच्या बाजूला हायवेला लागून रंग बनवणारी एक कंपनी होती आणि तिचा फुटबॉलचा संघ होता. त्या संघाचे जितेंद्र सर एका नाताळात गावच्या सामन्यांना पाहुणे म्हणून आले, कोळंबीचं कालवण जेवले, आणि जाताना ट्रेव्हरला उचलून घेऊन गेले. "देशभरची लीग नव्यानं सुरू होतेय," ते म्हणाले. "आपण निवड फेरीतून पार झालो, आणि शेवटपर्यंत गोलमध्ये तूच उभा राहिलास, तर कंपनीत पर्मनंट. नाहीतर काय, तुझा समुद्र आहेच."

तुझा समुद्र आहेच. सर हसत म्हणाले, पण रीटाला ते शब्द काट्यासारखे टोचले. तिनं पोराला बोटीतून उतरताना पाहिलं होतं; हिरवट तोंड, आणि तरी आईला बघून हसायची धडपड. समुद्रानं हे पोर असं रोज पिळून परत द्यावं, हे तिला नको होतं. त्या हिवाळ्यात तिची देवाकडे मागणी एकच होती, आणि ती फार मोठी आहे असंही तिला वाटत नव्हतं.

त्या वर्षी देशात फुटबॉलच्या स्पर्धा एकीला लागून एक आल्या होत्या. मुंबईतली मैदानं त्यांत गुंतलेली; म्हणून ट्रेव्हरच्या गटाचे सामने काशीगावच्या कंपनीच्या मैदानावर व्हायचे ठरले. तयारीला लागल्यावर कळलं की गोलची दोन्ही जाळी गोदामात उंदरांनी खाल्लीत. ट्रेव्हर पटकन बोलून गेला, "सर, आमची आय विणंल की."

अशी ती जाळी रीटाच्या ओटीवर आली.

ओटीवर खिळ्याला दोरा अडकवून रीटा विणायला बसायची. हातात मापाला बांबूची पट्टी, सुईत पांढरा नायलॉनचा दोरा. एक घर, म्हणजे जाळ्याचा एक डोळा, दुसरं घर, तिसरं. हात आपोआप चालायचे आणि मन मोकळं फिरायचं. जानेवारीचं मऊ ऊन, दारावर अजून न उतरवलेला नाताळचा कागदी कंदील, वाळूकडून येणारा बोंबलांचा वास, आणि मांडीवरून पायरीवर, पायरीवरून अंगणात उतरत जाणारं ते पांढरं जाळं. वाऱ्यानं फुगायचं तेव्हा वाटायचं, घरातच कुणीतरी झोपलंय आणि श्वास घेतंय.

येणारीजाणारी थांबायची. "रीटा, एवढं मोठं घर? यात कंचा मासा राहील गो?"

"चामड्याचा."

"आणि भाव?"

"तो पकडला न्हाय तर भाव," रीटा म्हणायची, आणि धाकटी ॲलिसन, जी कॉलेजात जायची आणि त्यामुळे आईला सुधारणं आपलं काम समजायची, आतून ओरडायची, "आय, नीट सांग ना! तुझ्यामुळं लोकं वेडी होतील."

चूक झाली ती अशी.

त्या घरात एक रीत होती, सासूनं शिकवलेली, सासूला तिच्या सासूनं. जाळं जोडून झालं की शेवटची गाठ घरच्या बाईनं मारायची. गाठ आवळताना तिला ओठ लावायचे आणि हळूच म्हणायचं, "भरून ये." एवढंच. याला ना पाणी शिंपडायचं, ना मेणबत्ती. पण हे म्हटल्याशिवाय जाळं बोटीत चढायचं नाही. रीटानं लग्न झाल्यापासून किती गाठींना ओठ लावले असतील, त्याचा हिशेब समुद्रालाच ठाऊक.

पहिलं जाळं पुरं झालं. मागचा पडदा आणि बाजूचा पडदा जोडणारी शिवण खालच्या कोपऱ्यात संपत होती. रीटानं दोरा ओढला, गाठ मारली, वाकली, ओठ लावले.

"भरून ये."

शब्द बाहेर पडले आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. समोर ॲलिसन तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, आईकडे पाहिलं, जाळ्याकडे पाहिलं, आणि सूप बाजूला ठेवून पोट धरून हसायला लागली.

"हसू नको! काय बोलले मी!"

"आय, दादाला मारलंस तू! गोलकीपरच्या जाळ्याला भरून ये?"

"गप! कुणाला बोललीस तर बघ."

दुसऱ्या जाळ्याच्या वेळी रीटानं गाठीला हातच लावला नाही. ॲलिसनकडून मारून घेतली, आणि ती मारत असताना स्वतः पदराचा बोळा तोंडात धरून बसली. गाठ वाकडीतिकडी झाली. होईना. मुकी झाली हे महत्त्वाचं.

पण पहिलीचं काय? सोडून पुन्हा मारावी, तर ट्रेव्हर टेम्पो घेऊन दारात उभा. जाळी गेली.

पहिला सामना दोन-दोन. दुसरा कंपनीनं जिंकला, पण चार-तीन. ट्रेव्हर रात्री जेवायला बसला की सांगायचा, आणि रीटा भात वाढता वाढता थांबायची.

"तीन? तीन आत गेले?"

"चार त्यांच्यात घातले की आमच्या पोरांनी. जिंकलो आय."

"पण तीन?"

"आता तू पण सरांसारखं नको करूस," ट्रेव्हर म्हणाला. मग ताटात बोट फिरवत राहिला. "सर म्हणतात, शेवटच्या मॅचला बरोबरी झाली तरी आपण पुढं जातो. गोव्याचा संघ येतोय. मी आहे गोलमध्ये, पण ही शेवटची संधी. हरलो तर मी घरी."

"हरायचं न्हाय," फ्रेडी म्हणाला. त्याला फुटबॉलमधलं एवढंच कळत होतं.

ॲलिसननं आईकडे पाहिलं. रीटानं कालवणात डोळे बुडवले.

दुपारी ओटीवर तिचा डोळा लागला की तिला तेच दिसायचं. पाण्याखाली हिरवा उजेड. लांबून चेंडूंचा थवा येतोय, पांढरे गुबगुबीत चेंडू, प्रत्येकाला दोन कल्ले, तोंडं उघडमीट करत, अगदी शिस्तीत. समोर तिचं जाळं डोलतंय. आणि जाळ्याच्या तोंडाशी ट्रेव्हर दोन्ही हात पसरून त्यांना विनवतोय, बाबांनो मागं फिरा, आज जागा न्हाय. चेंडू ऐकून घेतात, माना हलवतात, आणि त्याच्या बगलेखालून आत जातात. सगळं इतकं शांत, इतकं सुंदर, की रीटाला स्वप्नातही आनंद व्हायचा. जाळं भरतंय म्हणून. त्या आनंदाच्या लाजेनंच ती जागी व्हायची.

शेवटी ती फादरांकडे गेली. फादरांनी सगळं ऐकून घेतलं, हसू मिशीत ठेवलं आणि म्हणाले, "रीटा, गाठीत काही नसतं. उगाच मनात घेऊ नकोस."

"गाठीत न्हाय तर इतकी वर्षं म्हावरा कुणी भरला?"

"देवानं."

"देवाला कळलं कशावरून? मी बोलले तवाच ना?"

फादरांनी चष्मा काढून पुसला. "बरं, मग आता देवाला सांग की ते चुकून बोललीस. प्रार्थना कर."

"प्रार्थनाच केली ना फादर," रीटा म्हणाली. "तीच तर पंचाईत हाय."

तर मग गाठच सोडायची, असं ठरवून सामन्याच्या दिवशी ती निघाली. सोबत ॲलिसन, जिला फक्त एवढं सांगितलं होतं की दादाचा खेळ बघायचाय. बस मोरवा गावावरून जाताना मिठागरांतले मिठाचे ढीग उन्हात चमकत होते, जणू कुणी पांढरे कपडे घडी घालून ठेवलेत आणि न्यायला विसरलंय. भाईंदरला उतरून पुढे रिक्षा. रिक्षावाला हिंदीत म्हणाला, "मौसी, मॅच देखने? आपका बेटा खेलता है क्या?" रीटा म्हणाली, "खेलता नहीं, खडा रहता है." आणि तिला स्वतःलाच त्यात सगळं सांगितल्यासारखं वाटलं.

मैदान डोंगराच्या पायथ्याशी होतं. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज तिथे पोचेपर्यंत लाटांसारखा व्हायचा. धुकं म्हणावं की धूळ, असं काहीतरी पिवळसर गवतावर तरंगत होतं, आणि त्यात निळे आणि लाल सदरे पोहत होते. दोन टोकांना तिची दोन जाळी. रीटा एवढ्या माणसांसमोर आपलं काम पहिल्यांदाच बघत होती. उभी केलेली जाळी, कोरडी, स्वच्छ, वाऱ्यावर हलणारी. कधीही मासा न लागलेली. तिला उगाच भरून आलं.

जवळून गेल्यावर तिनं गाठी पाहिल्या. डोंगराकडच्या जाळ्याला ॲलिसनची वाकडी गाठ. हायवेकडच्या जाळ्याला तिची स्वतःची. आणि ट्रेव्हर? ट्रेव्हर डोंगराकडे जाऊन उभा राहिला! रीटानं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. देवानं ऐकलं म्हणायचं. बोललेलं जाळं गोव्याच्या वाट्याला गेलं. आता काही सोडायची गरजच नाही. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या आणि जन्मातला पहिला फुटबॉलचा सामना मजेत बघायला सुरुवात केली.

कुठलाच चेंडू कुठल्याच जाळ्यात गेला नाही. ट्रेव्हरनं दोन चेंडू हवेतून असे उतरवून घेतले की बाजूचा एक म्हातारा "क्या हाथ है!" म्हणाला, आणि रीटानं त्याला मूठभर शेंगा दिल्या. शिट्टी झाली. पोरं कडेला बसून संत्र्याच्या फोडी चोखायला लागली.

"संपलं?" रीटानं विचारलं.

"अर्धं. आता बाजू बदलतील."

"कोण?"

"दोन्ही टीम. दादा आता तिकडं उभा राहील." ॲलिसननं हायवेकडे बोट दाखवलं.

रीटाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "घर बदलतात? अर्ध्या डावात? असं कुणी शेजाऱ्याच्या घरात जाऊन राहतं का?"

"आय, नियम असतो तो. पहिल्यापासून हाय."

"मला कुणी सांगितलं न्हाय!"

ती उठली. ॲलिसन "कुठं चाललीस?" म्हणेपर्यंत कडेकडेनं चालत हायवेकडच्या गोलमागे पोचली सुद्धा. पाय दुखल्याचं निमित्त करून कोपऱ्याशी खाली बसली. अंबाड्यातली पिन काढली आणि गाठीत घातली. आपण मारलेली गाठ किती घट्ट बसते हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, कारण ती सोडायची वेळ कधी आलीच नव्हती. पिनेनं सैल केली, दातांनी ओढली. सुटली. तिनं दोऱ्याचं टोक मुठीत धरून निःश्वास सोडला. आता हे नुसतं जाळं. ना भरणारं, ना रिकामं राहणारं.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आणि जिनं उभा जन्म जाळी विणली तिच्या ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावं? शेवटची गाठ ही काही शोभेची नसते. तिनंच अख्खी शिवण धरून ठेवलेली असते.

खेळ पुन्हा सुरू झाला. ट्रेव्हरनं मागे आईला पाहिलं, डोळे मोठे केले, "तिकडं बस ना आय, इथं चेंडू लागंल," म्हणाला, आणि समोर बघायला लागला. रीटा हलली नाही. पोराची पाठ एवढ्या जवळून बघायला मिळत होती. वारा जाळ्यात शिरत होता आणि प्रत्येक वाऱ्याला शिवणीतला दोरा थोडा थोडा सरकत होता.

ऊन कललं, धूळ सोनेरी झाली. वेळ जवळजवळ संपत आला असेल. गोव्याचा एक ठेंगणा पोरगा गर्दीतून निसटला आणि त्यानं चेंडू खालून मारला, ट्रेव्हरच्या डाव्या हाताला. ट्रेव्हर झेपावला. चेंडू त्याच्या बोटांपलीकडून, खांबाच्या आतून गेला, थेट कोपऱ्यात, उसवलेल्या शिवणीतून अलगद बाहेर पडला, आणि रीटाच्या पायाशी येऊन थांबला. जाळं हललंसुद्धा नाही.

काही क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"गोल! गोल है!" लाल सदरे पंचाभोवती जमले.

"बाहेरून गेला!" जितेंद्र सर कडेवरून ओरडत धावत आले. "साइडनं गेला, रेफ! नेट हललं का? बॉल बघा कुठंय, बाहेर आहे!"

कडेचा पंच खांदे उडवत होता, त्याच्या डोळ्यांवर ऊन होतं. मुख्य पंच जाळ्याशी आला, वाकला, उसवलेल्या फटीत हात घातला. फट चांगली हातभर झाली होती. "ये नेट किसने बनाया? दो मॅच में फट गया? सडा हुआ माल लगाया है."

गर्दीतून कुणीतरी हसलं. रीटाचे कान तापले. तिच्या हातचं जाळं समुद्रात वर्षानुवर्षं टिकायचं. तिच्या गाठीची लोकं शपथ घ्यायची. पण तिनं ट्रेव्हरकडे पाहिलं. तो अजून जमिनीवर पालथा होता, आणि जाळ्यातून तिच्या मुठीकडे बघत होता. मुठीत पांढऱ्या दोऱ्याचं टोक होतं.

रीटा उभी राहिली. "मी बनवलं," ती म्हणाली. "खराब बनवलं. माझी चूक हाय, साहेब. धागा कच्चा होता. मालच सडका."

बस, आता पंच मान हलवणार आणि चेंडू बाहेर गेला असं ठरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. जितेंद्र सरांनी तर सुटकेचा श्वास घेतला.

ट्रेव्हर उठून बसला. अंगावरची माती झटकली. "धागा पक्का हाय," तो पंचाला म्हणाला. "आमच्या आयच्या जाळ्यात खोट न्हाय. चेंडू आत होता, सर. आतून गेला. गोल हाय."

"ट्रेव्हर!" जितेंद्र सर म्हणाले. नुसतं नाव.

पंचानं गोल दिला, आणि सांगितलं की जाळं नीट केल्याशिवाय खेळ पुढे जाणार नाही.

म्हणून मग ते दृश्य घडलं, जे काशीगावच्या त्या मैदानावर पुन्हा काही कुणी पाहिलं नसणार. बावीस खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे, आणि कोपऱ्यात एक नऊवारी नेसलेली बाई मांडी ठोकून, अंबाड्यातल्या पिनेनं सुटलेला दोरा ओवत, शिवण घालतेय. एक घर, दुसरं घर. धूळ खाली बसली होती. हायवेचा आवाज लांब गेला होता. ट्रेव्हर तिच्याजवळ उकिडवा बसून फट दोन्ही बाजूंनी धरून होता, लहानपणी धरायचा तसा.

"का सोडलीस?" त्यानं हळूच विचारलं.

रीटानं सांगितलं. गाठ, ओठ, भरून ये. सगळं.

ट्रेव्हरचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं रडतोय. "म्हणजे आधीचे पाचही गोल तुझे?"

"हसतोस काय मेल्या! आणि तुम्ही घातले ते कुणाचे ते मला ठाऊक न्हाय."

"आय," तो हसू गिळत म्हणाला, "गाठीचं काय न्हाय त्यात. मी डावीकडं पोचतच न्हाय. पाचही गोल डावीकडूनच गेले, तुला ठाऊक न्हाय. सरांना ठाऊक हाय. उजवीकडं पडतो ते मनानं पडतो. डावीकडं पडताना अंग धजत न्हाय."

"का?"

"वाळूत खेळायचो ना आम्ही, तवा डावीकडं वलांडी असायची. डावीकडं पडलो की बांबू हलायचे, बोंबील खाली. आणि बोंबील वाळूत पडले की तू मारायचीस. सुक्या काठीनं."

रीटाची पिन थांबली. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. तो आपला भरती-ओहोटीबद्दल सांगावं तसं सांगत होता.

"मग बोलायचं ना कवातरी," ती म्हणाली.

"काय बोलायचं? बोंबील तर पडायचेच."

पंचानं घड्याळाकडे पाहिलं. रीटानं दोरा ओढला आणि गाठ मारली. ओठ लावले नाहीत, काही म्हटलंही नाही. मग उठता उठता, पंच, सर, गोव्याची पोरं, सगळी बघत असताना तिनं ट्रेव्हरचा डावा हात धरला आणि त्याच्या मनगटाला ओठ लावले. "जा," ती म्हणाली. "पड आता कुठं पडायचं तिथं."

उरलेल्या वेळात तो एकदा डावीकडे पडला. चेंडू बाहेरच जात होता, पडायची गरज नव्हती. पण पडला, लांबलचक, मनापासून, आणि मातीत गाल घासून उठला. मघाचा म्हातारा "क्या हाथ है" म्हणाला नाही. कंपनीच्या पोरांना गोल काही करता आला नाही. शिट्टी झाली आणि गोव्याची पोरं एकमेकांच्या अंगावर चढून नाचायला लागली.

जितेंद्र सर नंतर रीटाजवळ आले. रागावले असतील म्हणून ती पदर सावरून उभी राहिली.

"जाळं चांगलं आहे, मावशी," ते म्हणाले. "पोरगाही. त्याची डावी बाजू तयार करायला मला दोन वर्षं हवी होती. कंपनी आता टीमच ठेवते की नाही, ते मला माहीत नाही." मग ट्रेव्हरच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच जरा वेळ राहू दिला. "बूट तुझ्याकडेच ठेव."

परतीच्या बसमध्ये ट्रेव्हरला झोप लागली. त्याचं डोकं रीटाच्या खांद्यावर आणि लांब पाय मधल्या वाटेत. लोकं ओलांडून जात होती. मिठाचे ढीग आता निळे दिसत होते. रीटाच्या मनात आलं, हा असाच झोपून राहावा आणि बस कुठेच पोचू नये, काठाकाठानं नुसती चालत राहावी. पण बस ही बस असते. उत्तन आलं.

फ्रेडी ओटीवर बसला होता. ॲलिसननंच सांगून टाकलं, "हरलो, पप्पा. एक-शून्य."

फ्रेडीनं मान हलवली. रात्री रीटा वाढत होती, तिघं खात होती, आणि समुद्राचा आवाज नेहमीसारखा भिंतीपलीकडे होता.

"भरती कवा हाय?" ट्रेव्हरनं विचारलं.

फ्रेडीचा घास हातातच राहिला. "तुला काय करायचंय भरतीचं?"

"येतो मी."

"ओकशील."

"ओकीन."

फ्रेडीनं घास तोंडात घातला, सावकाश चावला, आणि म्हणाला, "पहाटं उठवतो. उपाशी पोटी ये, बरं पडंल."

"माझा पोरगा उपाशी न्हाय जायचा," रीटा चुलीपासून म्हणाली, आणि पुढं येऊन तिनं ट्रेव्हरच्या ताटात तांदळाची आणखी एक भाकरी टाकली. "अर्धी समुद्राला गेली तरी चालंल. अर्धी तरी त्याची."